लाकडी पायांचं विष

"निघालं! अहो, निघालं! बघा तरी काय रंग आहे!"

टबात पाय सोडून बसलेल्या किराणा दुकानदाराने आरोळी ठोकली आणि बाकांवर पाळीची वाट बघणारे पंधरा-वीस जण उठून त्याच्याभोवती गोळा झाले. दहा मिनिटांपूर्वी त्या टबात नळाचं स्वच्छ, कोमट पाणी ओतताना सगळ्यांनी पाहिलं होतं. आता ते आधी पिवळसर, मग नारिंगी, मग वीटकरी होत चाललं होतं. वर तपकिरी कण तरंगत होते, कडेला फेस जमत होता आणि दुकानदाराचे घोटे त्या गढूळ पाण्यात दिसेनासे झाले होते.

"हे सगळं माझ्या अंगात होतं?" त्याने घाबरून विचारलं.

"होतं म्हणूनच धाप लागत होती ना, काका," सिस्टर मऊ आवाजात म्हणाल्या. मग गर्दीकडे वळून त्यांनी आवाज चढवला. "रोग गेला, पण विष राहिलं! हॉस्पिटलवाले रोग बघतात, विष कोण बघतं? विष जड असतं. जड वस्तू कुठे जाते? खाली! शरीराचं खाली म्हणजे काय? पाय! आणि तळपायाला छिद्रं किती? चार हजार!"

गेल्या आठवड्यात ती अडीच हजार होती. गर्दीबरोबर छिद्रंही वाढत होती.

भिंतीवर रंगीत तक्ता होता. वीटकरी रंग म्हणजे फुफ्फुसं, काळे कण म्हणजे यकृत, हिरवट झाक म्हणजे पित्त. सगळ्यात खाली लिहिलं होतं, 'पांढरा फेस – भीती'.

"भीतीसुद्धा निघते?" एका बाईने विचारलं.

"फेसातून निघते," सिस्टर म्हणाल्या.

एरवी आमची गल्ली या उत्तरावर आठवडाभर हसली असती. त्या दिवशी कुणीही हसलं नाही. उलट जो तो मान लांब करून आपल्या शेजाऱ्याचा फेस आपल्यापेक्षा कमी आहे की जास्त, ते बघू लागला.

साथ जाऊन दोन वर्षं होत आली होती. दुकानं उघडली होती, शाळा भरत होत्या. पण साथ गेली तशी भीती गेली नव्हती. वरच्या मजल्यावरच्या बाई अजून भाजी दोन तास उन्हात ठेवून मगच घरात घेत. कारकुनी करणारा एक गृहस्थ बोलता बोलता खिशातून बोटाला लावायचा चिमटा काढी, ऑक्सिजनचा आकडा बघे आणि मग वाक्य पुरं करी. रस्त्यात कुणी खोकलं की माणसं पलीकडची बाजू धरत. जगलेली माणसं होती ही, पण जगल्याचा आनंद म्हणून काही कुणाच्या तोंडावर दिसत नव्हता.

आणि आमचे हे, म्हणजे माझा नवरा, त्या सगळ्यांच्या वरताण.

यांचं केस कापायचं दुकान. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा आणि दिवसभर गप्पांचा फड. साथीत हे आजारी पडले, तेवीस दिवस वॉर्डात होते. बरे होऊन आले ते वेगळेच माणूस होऊन आले. दुकानाचं शटर उघडलंच नाही. दाराची कडी पुसायची, दिव्याची बटणं पुसायची, आपलं ताट आपणच वेगळं धुवायचं. हात इतके धुवायचे की बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. मी जवळ गेले की दोन पावलं मागे. झोपायचे गॅलरीत, एकटे.

"अहो, डॉक्टर म्हणतात तुम्ही ठणठणीत आहात," मी म्हणायची.

"डॉक्टरांना काय दिसतंय आतलं?"

 याचं उत्तर निघालं यांच्या ताईंकडे.

सिस्टर म्हणजे यांच्या सख्ख्या मोठ्या बहीण. गल्लीला सिस्टर, आम्हाला ताई. साथीच्या वॉर्डात कंत्राटावर नर्स होत्या. ज्या दिवसांत मला दाराच्या काचेतूनही नवरा बघता येत नव्हता, त्या दिवसांत ताई बारा-बारा तास त्या कोंडणाऱ्या पोशाखात यांच्या उशाशी होत्या. "तुझ्या नवऱ्याला घेऊनच बाहेर येईन," असं त्यांनी मला फोनवर सांगितलं आणि शब्द खरा केला. गल्लीतल्या निदान दहा घरांत त्यांचं असंच ऋण होतं. लोकांनी गच्चीवरून टाळ्या वाजवल्या, हार घातले. साथ ओसरली तसं त्यांचं कंत्राट संपलं. हार घालणाऱ्यांपैकी कुणीही विचारलं नाही, की बाई, आता तुमचं काय?

पावणेदोन वर्षं अशीच गेली, मग त्यांनी बंद पडलेला फोटो स्टुडिओ घेतला, सात निळे टब मांडले आणि शनिवार-रविवार 'विषमुक्ती' सुरू केली. टबात कोमट पाणी, पाण्यात बरणीतलं 'खनिज' चमचाभर, त्यात एक धातूचं वेटोळं आणि वेटोळ्याची वायर एका छोट्या डब्याला. डब्यावर दिवा आणि फिरवायचं बटण. आधी साबणाने पाय धुवायचे, मग पाऊण तास ते बुडवून बसायचं. दुसरं कुणी हे केलं असतं तर लोकांनी चार प्रश्न विचारले असते. सिस्टरला कोण विचारणार? जिने मरणाच्या दारातून ओढून आणलं, ती खोटं कशाला बोलेल?

आता माझी कबुली.

मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. बावीस वर्षं झाली. शिकवायचं काम सरांचं, परीक्षानळ्या धुवायचं माझं. दर वर्षी एका वर्गाला पाण्यातून वीज सोडायचा प्रयोग असतो. मिठाच्या पाण्यात दोन कार्बनच्या कांड्या घालायच्या आणि बॅटरी जोडायची. कांड्या संपल्या की सर लोखंडी खिळे वापरतात, आणि मग माझी पंचाईत होते. कारण खिळा विरघळतो, पाणी वीटकरी होतं, त्यात तपकिरी गाळ धरतो आणि काचेच्या भांड्याला बसलेला तो गंज घासून घासून माझी नखं झिजतात.

तो रंग मी झोपेतही ओळखेन. पहिल्याच शनिवारी, पहिल्याच टबात मी तो ओळखला.

आणि गप्प बसले.

का? कारण त्या दिवशी हे दोन वर्षांत पहिल्यांदा आपल्या पायांनी रस्त्यावर आले होते. स्टुडिओपर्यंत चालत गेले, लोकांमध्ये बसले. पाणी तांबडं झालं तसा त्यांचा चेहरा सैल पडला. येताना म्हणाले, "बघितलंस? होतं ना माझ्यात? मी म्हणत होतो ना? पण निघतंय आता." त्या रात्री ते खोलीत येऊन झोपले. मी मनात म्हटलं, लोखंडाचा गंज तर गंज. माझा माणूस परत मिळत असेल तर माझं काय जातंय?

चौथ्या शनिवारी त्यांनी बाजारातून भाजी आणली. सहाव्या शनिवारी शेजाऱ्याशी हात मिळवला आणि घरी येऊन हात एकदाच धुतले. टबातला रंगही दर आठवड्याला फिका होत चालला होता. ताई तक्त्यावर बोट ठेवून सांगायच्या, "बघ बाळ्या, उतरतंय." फिका कसा होतो, तेही मला दिसत होतं. आधी बरणीतला भरलेला चमचा, मग सपाट, मग अर्धा. मीठ कमी, तर वीज कमी आणि गंजही कमी. मी तिकडेही कानाडोळा केला.

आठव्या शनिवारी हे टबात बसता बसता सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, ही शेवटची. सोमवारी दुकान उघडतो."

लोकांनी टाळ्याच वाजवल्या. किराणा दुकानदार म्हणाला, "मग माझंही झालं असेल की! पुढच्या वेळेपासून सुट्टी." त्याच्या शेजारची बाईही म्हणाली, "मीही थांबते आता."

ताई हसल्या. "वा! मग शेवटची बैठक पक्की करून घेऊ." त्यांनी बरणी आणली आणि यांच्या टबात खनिज घातलं. एक चमचा. दुसरा. तिसरा. मग डब्याचं बटण पार टोकापर्यंत फिरवलं.

मी समोरच्या बाकावरून बघत होते.

पाच मिनिटांत पाणी काळपट तांबडं झालं. असं पहिल्या दिवशीही झालं नव्हतं. वर साय धरावी तसा गाळ आला. टाळ्या वाजवणारे लोक वाकून बघू लागले आणि हळूहळू एकेक पाऊल मागे सरले. माझ्या नवऱ्यापासून मागे सरले.

"ताई... परत?" यांचा आवाज चिरकला.

"खोल लपून बसलं होतं रे. बरं झालं, आजच कळलं. नाहीतर सोमवारी दुकान उघडून कुणाला हात लावला असतास तर?"

यांनी डोळे मिटले. किराणा दुकानदार मुकाट्याने परत आपल्या टबात बसला, ती बाईही बसली.

घरी आल्याबरोबर यांनी दार लावलं आणि गॅलरीत जाऊन भिंतीला टेकून बसले. मी समोर बसले. 

"मास्तर माझ्याच हातानं गेले," ते म्हणाले.

मास्तर म्हणजे यांचं नेहमीचं गिऱ्हाईक, निवृत्त शिक्षक. दर रविवारी दाढी करायला यायचे. साथीत गेले.

"मी त्यांची दाढी केली आणि चौथ्या दिवशी मला ताप आला. नंतर तेही पडले. मी परत आलो, ते आले नाहीत. माझ्या बोटांतनं गेलं ते. वॉर्डात ताईला सांगितलं होतं. फक्त तिलाच. तुला कसं सांगणार होतो मी?"

 दोन वर्षं हा माणूस स्वतःला खुनी समजून जगत होता. त्याचे चिरा पडलेले हात, वेगळं ताट, गॅलरीतली झोप, सगळ्याचा अर्थ मला एका क्षणात लागला. आणि ही गोष्ट जिला एकटीला ठाऊक होती, तिनेच त्याला विचारलं होतं, कुणाला हात लावला असतास तर?

"अहो, ताईंनी आज तीन चमचे मीठ टाकलं," मी म्हटलं. "मी बघितलं. तो गंज आहे, तुमच्यातलं काही नाही ते."

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी कुणी परकी आहे. "ताईवर संशय घेतेस? तू नव्हतीस वॉर्डात. ती होती."

 मी पुन्हा गप्प बसले. पण माझ्या गप्प बसण्याची किंमत दुसऱ्याच घराने मोजली.

आमच्याच इमारतीत कंडक्टरकाका राहतात. जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडली, त्यामुळे स्टुडिओच्या रांगेतही ओरडायचे, "चला, पुढे सरका, आत टब रिकामे आहेत!" साथीनंतर त्यांचं हृदय अशक्त झालं होतं, पायांना सूज यायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. ताईंनी सूज बघून सांगितलं, "विष पायांत उतरल्याची ही खूण आहे, काका. चांगलं लक्षण. आता गोळ्या घेऊन ते परत वर ढकलू नका." काकांनी गोळ्या कपाटात ठेवून दिल्या.

बुधवारी सकाळी जिन्यात धप्प आवाज झाला. मी धावले. काका दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसले होते, ओठ निळे पडले होते, आणि तोंडातून शब्द नाही, नुसता घुरघुर आवाज. काकू त्यांची पाठ चोळत होत्या आणि म्हणत होत्या, "सिस्टरला बोलवा! आधी सिस्टरला बोलवा!"

मी अँब्युलन्स बोलावली.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरबाईंनी काकूंना विचारलं, "गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

"पाच आठवडे. पण विष निघत होतं हो, मी डोळ्यांनी बघितलंय."

"आजी, विष नव्हतं. हृदय पाणी उपसू शकत नव्हतं, ते फुफ्फुसांत साठलं. त्या गोळ्या ते पाणी काढण्यासाठीच होत्या." डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, थकल्यासारख्या दिसल्या. "आणखी तासभर उशीर झाला असता तर मी काही करू शकले नसते."

काकू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. मला ठाऊक होतं, या माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर रडायला हव्या होत्या.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी ताईंकडे गेले. त्या एकट्याच टब घासत होत्या. मी दारातच म्हटलं, "ताई, हे बंद करा. मीठ, लोखंड आणि वीज. मला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक आहे. उद्या तुम्ही स्वतः लोकांना सांगा. तुम्ही सांगितलंत तर तुमचा मान राहील."

त्यांना धक्का बसला नाही. घासणी खाली ठेवून त्या स्टुलावर बसल्या.

"पहिल्याच दिवशी ओळखलंस ना? तुझ्या तोंडावर दिसलं होतं मला. मग तेव्हा का नाही बोललीस?"

मी मान खाली घातली.

"नाही बोललीस, कारण बाळ्या घराबाहेर पडला. मग मी वेगळं काय केलं? लोकांना आतून काहीतरी बाहेर पडलेलं बघायचं होतं. मी ते दाखवलं. औषधानं जात नव्हती ती भीती, ती कमी झाली की नाही?"

"मग बरे होऊन निघाले होते हे! यांच्या टबात तीन चमचे का टाकलेत?"

 ताई हळू म्हणाल्या, "तो उठला असता तर त्याच्यामागे निम्मे उठले असते. दोघांनी तर तिथंच सांगितलं. रिकाम्या खोलीत मी काय करू? टाळ्या वाजवणारे मला नोकरी देणार आहेत?"

"हे तुमचे भाऊ आहेत, ताई. मास्तरांचं यांनी फक्त तुम्हाला सांगितलं होतं."

"म्हणून तर मला माहीत होतं, काय म्हटलं की तो थांबेल," त्या म्हणाल्या. बोलून गेल्यावर त्यांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला. पण बाण सुटला होता.

"उद्या सांगाल?"

"नाही," ताई म्हणाल्या आणि घासणी उचलून पुन्हा टब घासू लागल्या.

शनिवारी अकरा वाजता स्टुडिओ भरलेला होता. कंडक्टरकाकांना काय झालं ते ऐकून लोक घाबरले होते आणि घाबरल्यामुळेच नेहमीपेक्षा जास्त आले होते! हेही आले होते, कोपऱ्यात, सगळ्यांपासून लांब. मी सोबत आमच्या गल्लीतल्या बूट शिवणाऱ्याला आणलं होतं. त्याच्या हातात पिशवी होती.

"आज पहिला टब आमचा," मी म्हटलं.

"तुला कुठे आजार झाला होता?" ताई म्हणाल्या.

"मला नाही. यांना." बूटवाल्याने पिशवीतून दोन लाकडी पाय काढले. ज्यांच्या मापाने तो बूट बेततो, ते. गुळगुळीत, घोट्यापासून खाली.

"काय पोरखेळ लावलाय!" किराणा दुकानदार ओरडला. "आमचा वेळ का घालवता?"

"घालवू दे तिला वेळ," मागून आवाज आला. कंडक्टरकाकू होत्या. हॉस्पिटलमधून थेट आल्या होत्या. "माझ्या नवऱ्याचा जीव जाता जाता राहिलाय. मला बघायचंय."

दुकानदार मागे सरला. ताईंनीही अडवलं नाही. मी त्यांच्याच नळाचं पाणी घेतलं, त्यांच्याच बरणीतून दोन चमचे खनिज टाकलं, त्यांचंच वेटोळं सोडलं आणि त्यांच्याच डब्याचं बटण दाबलं. लाकडी पाय टबात उभे केले.

आधी पिवळसर. मग नारिंगी. मग वीटकरी. वर तपकिरी कण.

 बूटवाला खाकरला. "एकोणीस वर्षं वापरतोय हे पाय. त्यांना कधी साधी सर्दी झाली नाही."

कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच थांबलं.

"फेस कुठे आहे?" भाजी उन्हात ठेवणाऱ्या बाईंनी विचारलं. "फेस नाही आला."

"सिस्टर तुम्हाला आत बसण्याआधी साबणानं पाय धुवायला लावतात ना? नीट न निघालेला साबण असतो तो," मी म्हटलं. लाकडी पायांवर साबण चोळला, नावापुरता खंगाळला आणि परत ठेवला. फेस आला. "लाकूडही घाबरलं बघा."

दुसऱ्या टबात मी पायच ठेवले नाहीत. नुसतं पाणी, खनिज, वेटोळं. तेही तांबडं झालं. तिसऱ्यात पाणी आणि वेटोळं, पण खनिज नाही. दहा मिनिटं सगळे उभ्याउभ्या त्या टबाकडे बघत राहिले. पाणी जवळजवळ होतं तसंच राहिलं. मग मी कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलेलं एक जुनं वेटोळं काढून सगळ्यांच्या हातांत दिलं. उंदरांनी कुरतडावं तसं ते झिजून, खड्डे पडून बारीक झालं होतं.

"हे लोखंड आहे. हे खनिज म्हणजे स्वयंपाकघरातलं मीठ, चाखून बघा. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की लोखंड विरघळतं आणि गंज होतो. तुम्ही जे बघत होतात ते तुमच्या फुफ्फुसांतून नाही, या वेटोळ्यातून निघत होतं. मीठ जास्त, तर गंज जास्त. मीठ कमी, तर तुम्ही बरे!"

"पण मला बरं वाटलं होतं!" दुकानदार जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाला. "खरंच वाटलं होतं हो!"

"वाटलं असणारच, काका. कोमट पाण्यात पाय, पाऊण तास निवांत बसणं, आजूबाजूला माणसं. दोन वर्षांत असे बसलात कधी? तेवढ्यासाठी विष लागत नाही."

दुकानदार माझ्यावरच चिडला. "तुला पहिल्यापासून माहीत होतं, मग आम्हाला इतके दिवस मूर्ख का बनू दिलंस?"

"चुकले," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

एवढ्यात हे कोपऱ्यातून पुढे आले. लोक बाजूला झाले. ते ताईंच्या समोर उभे राहिले आणि एवढंच विचारलं, "गेल्या शनिवारी माझ्या टबात तीन चमचे टाकलेस?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. "बाळ्या, तुला माहीत नाही माझी काय परिस्थिती—"

"टाकलेस?"

"टाकले."

यांनी मान हलवली. ओरडले नाहीत, हात उगारला नाही. "मास्तरांचं मी तुला सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, आता मेलो तरी चालेल, एका माणसाला तरी सांगून झालं. ते तू जपून ठेवलंस, ते यासाठी?"

आणि ते चालत बाहेर गेले.

काकांच्या मुलीने तक्रार केली. चौकशी सुरू झाली, टब आणि डबे जप्त झाले. ताई गाव सोडून कुठेतरी गेल्या. काही लोक अजून म्हणतात, "सिस्टर वाईट नव्हत्या, घरच्यांनीच घात केला." काका घरी आले आहेत. जिना चढता येत नाही, गोळ्या मात्र काकू समोर उभ्या राहून गिळायला लावतात.

आमचे हे बरे झाले का? एका दिवसात नाही. मी त्यांना त्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी मास्तरांची सगळी हकिगत शांतपणे ऐकून घेतली. म्हणाल्या, "कुणाकडून कुणाला लागण झाली, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. कदाचित तुमच्याकडून मास्तरांना, कदाचित त्यांच्याकडून तुम्हाला, कदाचित दोघांना तिसऱ्याकडून. मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. पण आज तुमच्या हातांत काही नाही, हे मी खात्रीनं सांगते. आणि ही जी भीती आहे, ती सुद्धा आजारच आहे. तिचे उपचार आहेत. वेळ लागेल." आता ते दर मंगळवारी मनोविकारतज्ज्ञांकडे जातात. तिथे काही बाहेर पडताना दिसत नाही, म्हणून सुरुवातीला कुरकुरायचे. महिनाभरात कुरकुर थांबली.

एकदा तिथून येताना रस्त्यात थांबून त्यांनी मला विचारलं, "वॉर्डात ताईनं माझा हात धरला होता. तोही खोटाच होता का गं?"

"नाही," मी म्हटलं. "तो खरा होता. म्हणून तर पुढचं सगळं खपलं."

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. कुणी तुमचा जीव वाचवला असेल तर त्याचे उपकार जन्मभर माना, पाया पडा, पण तो उद्या टब मांडून बसला तर त्यालाही प्रश्न विचारा. उपकार म्हणजे पुरावा नव्हे. कुणी तुमच्या अंगातलं काही बाहेर काढून दाखवलं तर म्हणा, आता हेच माझ्याशिवाय करून दाखव. कुणी तुमची चालू गोळी बंद करायला सांगितली तर ज्याने ती दिली त्या डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि भीती वाटत असेल तर लाज न बाळगता सांगा, योग्य माणसाला सांगा. न सांगितलेली भीती कुणाच्या तरी हातात आयती सापडते.

शेवटचं सांगणं मात्र माझ्यासारख्यांना आहे. ज्यांना पहिल्या दिवशीच रंग ओळखता येतो, त्यांनी पहिल्याच दिवशी बोलावं. आपलं माणूस सुखात आहे म्हणून मी आठ शनिवार गप्प बसले, आणि त्या आठ शनिवारांत कंडक्टरकाकांच्या गोळ्या कपाटात पडून राहिल्या. ताईंनी फसवलं, हे खरं. पण माझ्या खांद्यावर रडताना काकूंनी 'तुला ठाऊक होतं का?' असं विचारलं नाही, म्हणून मी सुटले असं होत नाही.